दुपारी शाळेतून परतताना गाडीचा तापमानाचा काटा वर चढतो. हेड उघडू द्यावं का?

अपडाऊन_लातूर:

गाडी 2014 ची, पेट्रोल, छोटी हॅचबॅक. सेकंडहँड घेतलेली, सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेलीय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की अर्धे लोक "विका आणि अमुक घ्या" एवढंच सांगतात. विकायची नाही, हप्ते आत्ता कुठे फिटलेत.

रोजचं अपडाऊन आहे. लातूरहून रेणापूरच्या पुढे, अंबाजोगाई रोड सोडून आत गेलं की आमची जिल्हा परिषदेची शाळा. येऊन-जाऊन साठेक किलोमीटर. सध्या सकाळची शाळा. सकाळी जाताना गाडी अगदी गुणाची, काटा मधोमध, एसी लागतच नाही. पण शाळा सुटून, रजिस्टरं उरकून, बाराच्या पुढे ऊन बेचाळीसला टेकलेलं असताना निघालं की खेळ सुरू होतो. आतल्या रस्त्यावर खड्डेच एवढे की तीस-चाळीसच्या वर जाता येत नाही, तिथे काही होत नाही. मेन रोडला लागून ऐंशी पकडली आणि एसी चालू असला की थोड्या वेळात काटा अर्ध्याच्या वर सरकायला लागतो. पाऊणला आला की मी एसी बंद करते, काचा खाली घेते, साठवर येते. मग हळूहळू उतरतो. लाल दिवा अजून लागलेला नाही, कारण मी लागू दिलेला नाही.

आणि विचित्र म्हणजे, लातुरात शिरल्यावर गंजगोलाईच्या गर्दीत एसी लावून थांबून राहिलं तरी काटा हलत नाही. सगळे म्हणतात गाडी ट्रॅफिकमध्ये तापते. माझी मोकळ्या रस्त्यावर तापते.

बॉनेटखालच्या कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) बाटलीतलं पाणी रोज सकाळी थंड गाडीवर बघते. मार्करने रेघ मारून ठेवलीय, तिच्या खाली गेलेलं नाही. पाणीच म्हणते, कारण आधीच्या मालकाने आत काय भरलंय देव जाणे. रंग तांबूस आहे. खाली कुठे गळतीचा डाग नाही. अजून एक, याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही, पण दुपारी एसी पहिल्यासारखा गार करत नाही. गॅस भरून घ्या म्हणतात.

दोन मेकॅनिकना दाखवली. पहिल्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकू, आपल्याकडच्या उन्हात त्याचं कामच काय. दुसरा म्हणाला हेड गॅस्केट (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याखालची सील) गेलंय, हेड उतरवून फेसिंग (घासून सपाट) करावं लागेल, 18,000 धरून चाला. वर म्हणाला, "सरांना फोन करायला सांगा, त्यांना नीट समजावून सांगतो." सर भूगोल शिकवतात. त्यांना गाडी चालवता येत नाही.

तर मलाच समजावून सांगा. हेड उघडू द्यावं का?


नांदेडचा_स्टेअरिंगवाला:

फॅन गेला असणार मॅडम, शंभर टक्के. बॉनेट उघडून एसी लावा, बहुतेक गाड्यांत एसीसोबत पुढचा पंखा फिरलाच पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज बघा. फ्यूज चांगला असेल तर त्याच बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले (पंखा चालू-बंद करणारा स्विच) काढून तिथे लावून बघा, हॉर्नचा वगैरे बऱ्याचदा तोच असतो. पंखा फिरला की समजायचं रिले खराब. स्वस्तात काम. फिरला नाही तर मोटर.


उदगीरचा_पाहुणा:

थर्मोस्टॅट काढला तर काय बिघडतंय? माझ्या जुन्या गाडीचा काढून टाकलाय, काही त्रास नाही. आपल्याकडं कुठं बर्फ पडूलालाय. पाणी सारखं फिरत राहिलेलं बरंच की.


भारतात_परभणी:

काटा बघून काहीच ठरवू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो, आतलं तापमान पंधरा-वीस अंशांनी इकडेतिकडे झालं तरी तो मधेच उभा. तो हलला म्हणजे गाडी बरीच तापलेली असते. स्टेअरिंगच्या खाली ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा) पोर्ट असतो, 2014 च्या गाडीला बहुतेक असणारच. ब्लूटूथवाला छोटा ॲडॅप्टर ऑनलाइन पाचशे-हजारात मिळतो. मोबाइलवर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. गाडी चालवताना मोबाइलकडे बघत बसू नका मात्र. ॲपमध्ये नोंद ठेवायची सोय असते, घरी येऊन बघा. आकडा हातात असला की मेकॅनिकशी बोलणं सोपं होतं. सरांना फोन करायची गरज राहत नाही.


मामा_केज:

मॅडम, हेडला कुणाला हात लावू देऊ नका अजून. मी केज-अंबाजोगाई-बीड काळीपिवळी चालवली वीसेक वर्षं. आता पोरगं चालवतंय आन मी घरी बसून हे धागे वाचायलोय.

गाडी तापली म्हणलं की पहिला सवाल एकच. कवा तापली? उभी असताना का पळताना? उभ्या गाडीला वारा नसतो, तिथं सगळा भार पंख्यावर. उभी असताना तापली तर नांदेडच्या भाऊनं सांगितलं तसं फ्यूज, रिले, मोटर. पण पळत्या गाडीला वारा फुकट मिळतो. ऐंशीला पंखा बंद असला तरी चालतंय. तुमची ऐंशीला तापायली आन गोलाईत उभी राहून तापत नाही, म्हणजे पंखा ठणठणीत हाय. भाऊ, शंभर टक्के म्हणायच्या आधी मॅडमनं काय लिहिलंय ते वाचत जावा.

ऐंशीला, एसी लावून, बेचाळीसच्या उन्हात इंजिन जेवढी गरमी काढतंय तेवढी रेडिएटरातून बाहेर पडंना, एवढाच ह्याचा अर्थ. आमच्याकडं ह्याची परीक्षा मांजरसुंब्याच्या घाटात व्हायची. बीडहून निघून पाली सोडली की चढ लागतो, दुपारची भरलेली जीप तिथं वाफ सोडायची. घाटात तापली म्हणून हेड उघडणारे लई बघितले. नवं गॅस्केट टाकून पुन्हा त्याच वळणावर बॉनेट उघडून उभे राहिलेले बी बघितले.

हेड गॅस्केट गेलेलं असलं की गाडी चुगल्या करती. गळती कुठंच नाही आन पाणी रोज कमी. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा (थंडीत, लई छोट्या फेऱ्या असल्या तर थोडा चिकटा चांगल्या गाडीत बी दिसतो, त्याला भिऊ नका). सकाळी थंड गाडी चालू केल्याबरोबर बाटलीत बुडबुडे, आन वरचा होस पाइप मिनिटाभरात दगडासारखा कडक. मागून पांढरा धूर, गरम झाल्यावर बी न थांबणारा. तुमची रेघ हलली नाही म्हणताव. मग 18,000 कशाचे?

आता थर्मोस्टॅट. पाहुणे, तुमच्या गाडीत चाललं, चांगलं झालं. पण कैक इंजिनात तो नुसता उघडझाप करत नाही, उघडताना दुसऱ्या बाजूची बायपासची वाट बंद बी करतो. तो काढला की बायपास कायम उघडी, थोडं पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात परत. गाडी उलट जास्त तापती. आन सकाळी थंड इंजिन गरम व्हायला उशीर, तोवर कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो. तपासायचा असला तर काढून गरम पाण्यात टाका. 82 ते 88 च्या आसपास तोंड उघडायला लागला पाहिजे, किती अंशाचा हाय ते त्याच्यावरच छापलेलं असतं. उघडला तर परत बसवा.

तुम्ही एसीचं सहज लिहून टाकलं, माझ्या मतानं तेच सगळ्यात कामाचं हाय. समोरून जाळीतून जे दिसतं ते रेडिएटर नाही, ते एसीचं कंडेन्सर. रेडिएटर त्याच्या मागं. दोन्हीच्या मधी बोटभर फट. वारा आधी कंडेन्सरातून, मग रेडिएटरातून. त्या फटीत कचरा भरला की एसी बी गार करत नाही आन इंजिन बी तापतं, दोन्ही एकाच टायमाला. गॅस भरून काय होणार?

म्हणून विचारतो. तुमच्या त्या आतल्या रस्त्यावर दिवाळीच्या आधी सोयाबीन टाकतात का? रस्त्यावरच मळणी, भुसकट उडायलंय, असं?

आन बाटलीतलं पाणी तांबूस म्हणलात. आत बोअरचं पाणी असंल तर तो दुसरा घोळ. आधी भायेरचं बघा, मग आतलं.

काटा लालला टेकलाच तर: एसी बंद, हीटर फुल, पंखा फुल, गाडी सावलीला घ्या. हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच. भर उन्हाळ्यात मी हीटर लावला की सवाऱ्या मारायला उठायच्या, पण जीप घाट चढायची. तरी बी काटा उतरंना तर इंजिन बंद करा. गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. आत प्रेशर असतंय, उकळतं पाणी तोंडावर येतं. आमच्या स्टँडवर एकाचा हात असाच भाजलेला हाय. थंड पाणी बी इंजिनावर ओतायचं नाही.


अपडाऊन_लातूर:

मामा (सगळे म्हणत असतील, मीही म्हणते), सोयाबीन म्हणाल तर ऑक्टोबरात आमच्या त्या रस्त्यावर डांबर दिसत नाही. एका बाजूला ढीग, दुसऱ्या बाजूला मळणीयंत्र, मधून मी. गाडीच्या काचेवर, वायपरखाली, एसीच्या जाळीत, सगळीकडे भुसकट. वरून धुऊन घेते दर रविवारी. आतल्या फटीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आज शाळेतून आल्यावर गाडी थंड होऊ दिली आणि मोबाइलची बॅटरी लावून वरून फटीत बघितलं. करड्या रंगाचा नमदाच आहे नुसता. पलीकडचं काही दिसत नाही.

पंखाही बघितला, फिरतो. ऑइलचं झाकण स्वच्छ. सकाळी बुडबुडे नाहीत, पाइप मऊ.

बोअरचं पाणी असणार हे नक्की. 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते आपलं गाव. इथे पिण्याचं पाणी जपून वापरायचं आणि बाकी सगळं बोअर आणि टँकरवर, त्यामुळे रेडिएटरमध्ये विकतचं कूलंट घाला म्हटलं की लोक हसतात. घरातल्या गीझरची कॉइल बघितलीय मी, पांढरा थर इतका चढतो की कॉइल दिसत नाही. तसंच आत झालं असेल ना?


मामा_केज:

तसंच. काळ्या दगडातलं पाणी, क्षार भरपूर. गरम झालं की क्षार सुटून नळ्यांच्या आतून बसत जातात. थर बसला की गरमी धातूपर्यंत पोचत नाही, बारीक नळ्या तर चोंदून बंद. पाण्यातलं मीठ अल्युमिनियम बी खातं. तांबूस म्हणजे लोखंडाचा गंज, इंजिनाच्या आतला.

लोक म्हणतात आपल्याकडं थंडी नाही, कूलंटाची काय गरज. गोठण्याचं सोडा. गंज धरू नये म्हणून आन उकळू नये म्हणून घालायचं. रेडिएटरचं झाकण बी फालतू समजू नका. त्याच्यावर 0.9 नाहीतर 1.1 असा आकडा असतो, तेवढं प्रेशर ते धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभरला न उकळता 120 च्या आसपास जाईस्तोवर टिकतं. झाकणाचं रबर चिरलं की सगळं गेलं.

रेडिएटरवाल्याकडं जा, मेकॅनिककडं नको. गाडी धुण्याच्या मशीनचा फवारा समोरून मारू देऊ नका. कंडेन्सरचे पातळ पत्रे झोपतात, आन कचरा अजून मागं जाऊन घट्ट बसतो. रेडिएटर वरून सोडून मागं कलवायचा, इंजिनाच्या बाजूनं पुढं हवा मारायची. आला तसा परत घालवायचा.

आतून दोन-तीन डाव साध्या पाण्यानं, शेवटी बॅटरीच्या (डिस्टिल्ड) पाण्यानं. भरताना तयार मिसळलेलं कूलंट घ्या, नाहीतर घट्टवालं घेऊन बॅटरीच्या पाण्यात, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापानं. हिरवं-लाल रंगावर जाऊ नका. रंग कंपनी आपल्या मनानं घालती, पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तो घ्या.


भारतात_परभणी:

ॲडॅप्टर घेतला का? साफ करायच्या आधीचा आकडा हवा, नाहीतर फरक पडला की नाही हे पुन्हा त्या आळशी काट्यालाच विचारावं लागेल.


अपडाऊन_लातूर:

घेतला. साफ करायच्या आधी: बारा वाजता, एसी लावून, ऐंशीला 107 पर्यंत गेलं. एसी बंद केल्यावर 98. काटा एवढ्यात अर्ध्यावरून पाऊणला, म्हणजे परभणीचं म्हणणं खरं, तो जागा होतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आता कामाचं. शनिवारी रेडिएटरवाल्याकडे गेले. हा ट्रॅक्टरचे पितळी रेडिएटर झाळणारा जुना माणूस, छोट्या गाड्या कमीच करतो. त्याने पुढची जाळी काढली, वरची पट्टी सोडली, रेडिएटर मागे कलवला. मी उभीच होते. फटीतून जे निघालं ते त्याने माझ्यासमोर गोणपाटावर पसरलं. सोयाबीनची टरफलं, गवताचं बी, किडे, आणि हे सगळं पावसाळ्यातल्या चिखलाने एकत्र वाळलेलं. पहिल्या पावसाचं पाणी, त्यावर ऑक्टोबरचं भुसकट, त्यावर उन्हाळ्याची धूळ. काही वर्षांचं असावं, आधीच्या मालकाचाही वाटा धरून. हवा मारली, मग हलक्या पाण्याने धुतलं. कंडेन्सरचे वाकलेले पत्रे त्याने प्लास्टिकच्या कंगव्याने सरळ केले, बराच वेळ घालवला त्यात.

आतलं पाणी काढलं तर तांबूस, आणि तळाला पांढरट कपच्या. मी विचारलं सळई घालून साफ करता येईल का, माझे वडील त्यांच्या जुन्या जीपचं तसं करून घ्यायचे. तो म्हणाला ते पितळीला चालतं. याची जाळी अल्युमिनियमची, टाक्या प्लास्टिकच्या, नळ्या चपट्या. सळई घातली तर फाटेल. पाणी मारून मारून स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, तरी तापली तर रेडिएटर नवा. थर्मोस्टॅट काढला, दोऱ्याला बांधून चहाच्या पातेल्यात गरम पाण्यात सोडला. उघडताना मी डोळ्यांनी बघितला. परत बसवला. मेकॅनिक नंबर एकला हे सांगायला जाणार नाही, एवढा वेळ नाही माझ्याकडे.

कूलंट भरताना हीटर चालू ठेवायला लावला, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवली, आतली हवा निघू दिली, मग पातळी पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी थंड गाडीवर बाटली थोडी उतरली होती. तेवढी हवा आत राहिलेली असते म्हणाला, भरून टाका. भरली.

कूलंट, मजुरी, एक होस पाइप (जुना टोकाला फुगला होता) आणि दोन क्लॅम्प, सगळं मिळून 2,600.

सोमवारी त्याच वेळेला, त्याच रस्त्याला, एसी लावून, ऐंशीला: 96. काटा मधोमध. एसी गार करतोय, गॅस भरलेला नाही.

मामा, एक विचारायचं राहिलं. झाकणाचं रबर बरं दिसतंय पण गाडीइतकंच जुनं आहे. बदलू का?


मामा_केज:

बदलून टाका. आकडा जुन्यावर आहे तोच घ्या, जास्तीचं प्रेशर म्हणून मोठा घेऊ नका, दुसरीकडून कुठून तरी फुटंल. आन मे महिन्यात सुट्टी म्हणून गाडी उभीच ठेवणार असताल तर उंदरांचं बघा. उभ्या गाडीतल्या वायरी त्यांना लई गोड लागतात.

96 चांगलं हाय. पण अजून एक उन्हाळा बघा. परत शंभरच्या वर जायला लागली तर आतल्या नळ्या बंद झाल्यात समजायचं, मग रेडिएटर बदलाच.


नांदेडचा_स्टेअरिंगवाला:

पंखा नव्हता तर. ठीक आहे मामा, वाचून लिहीत जाईन. मॅडम, माझीही आतून बघून घेतो म्हणतो. पुढच्या आठवड्यात लातूरला येतोय, तो रेडिएटरवाला नेमका कुठे?


अपडाऊन_लातूर:

मेसेज केलाय. सकाळी नऊच्या आत जा. नंतर ट्रॅक्टरवाल्यांची रांग लागते आणि छोट्या गाडीला तो उद्या या म्हणतो.